शेवटच्या भागाची कॅसेट घेऊन दिल्लीला

मी सव्वीस वर्षांची असताना आमच्या बैठकीच्या खोलीत एका अवकाशयानाचा अंत झाला, आणि नेमकी त्याच वेळी मी गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलत होते. नुसती बोलले असते तर आज कुणाला आठवलंही नसतं. पण ते बोलणं मी मोठ्या हौसेनं टेप केलं होतं. माझ्या त्या बडबडीखाली कुणाचं काय दडपलं गेलंय, याचा मला चाळीसेक वर्षं पत्ता नव्हता.

हकिकत अशी. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर 'ध्रुवयान' नावाची हिंदी विज्ञानमालिका लागायची, दर गुरुवारी संध्याकाळी. पाच माणसं एका यानातून ताऱ्यांमध्ये भरकटली आहेत आणि घरी परतायची वाट शोधताहेत, एवढीच गोष्ट. वाट दाखवायला यानाचा संगणक होता, 'सहायक' नावाचा. तो दिसायचा नाही. भिंतीवर एक हिरवा दिवा लुकलुकायचा आणि मागून एका पुरुषाचा शांत आवाज यायचा.

आमचे हे तेव्हा नकाशे काढायच्या नोकरीत ईशान्येकडच्या डोंगरात तंबू ठोकून राहत होते. तिथे टीव्ही नव्हता. सुटीवर नाशिकला आले असताना त्यांनी मालिकेचे पहिले दोन भाग पाहिले आणि जाताना जीव अडकवून गेले. मी म्हटलं, काळजी करू नका, दर आठवड्याला भाग टेप करून पाठवते. मग दर गुरुवारी स्टुलावर उशी, उशीवर टेपरेकॉर्डर, असा थाट. शेजारच्या पोरांना दम भरलेला, जो आवाज करेल त्याला बाहेर काढीन. पण नुसता आवाज पाठवून काय उपयोग? यानात काय दिसतंय ते यांना कोण सांगणार? ती जबाबदारी मी आपण होऊन अंगावर घेतली. "अहो, आता कप्तान दार उघडतोय. दार थर्मोकोलचं आहे, हललं. डॉक्टरीणबाईंनी आज केस मोकळे सोडलेत, बरे नाही दिसत." खोलीतल्या सगळ्यांना गप्प बसवून मी एकटी बोलायची. त्यातही सहायक बोलायला लागला की मला मोकळं रान मिळायचं. पडद्यावर नुसता दिवा, वर्णन कशाचं करणार? तेवढ्यात घरची खबरबात उरकून घ्यायची.

कॅसेटी कापडात शिवून पार्सलनं जायच्या आणि यांच्या बरोबर परत आल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात इतकी वर्षं पडून होत्या.

गेल्या पावसाळ्यात माझी नात सई, जी गुरुग्रामला नोकरी करते, तिनं फोनवर 'ध्रुवयान'च्या चाहत्यांचा एक गट शोधून काढला आणि मला त्यात घातलं. पन्नासेक म्हातारे आणि काही तरुण. सगळे दिल्लीच्या आसपासचे. मालिकेच्या मूळ फिती कुठे गेल्या ते कुणालाच माहीत नाही. लोकांकडे सुटे भाग आहेत, शेवटचा भाग मात्र कुणाकडेच नाही. मी तोऱ्यात लिहिलं, माझ्याकडे आहे, आवाज तरी आहे. दहा मिनिटांत दिल्लीहून एका बाईंचा निरोप आला, मराठीत:

"काकू, मी रश्मी. सहायकचा आवाज माझ्या बाबांचा होता. मी दोन वर्षांची असताना ते गेले. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, आवाज नाही. लोकांकडे जे भाग आहेत त्यांत सहायक एक-दोन वाक्यं बोलतो, ती पण नीट ऐकू येत नाहीत. शेवटच्या भागात तो खूप बोलतो, असं आई सांगायची. तुमच्याकडे खरंच आहे का?"

मी यांना निरोप वाचून दाखवला. यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "त्या भागात तू सिलिंडरचं सांगितलंयस."

"सगळा वेळ?"

"बराच वेळ."

आमच्या घरात कॅसेट वाजवायला काही उरलेलं नाही, त्यामुळे ऐकून खात्री करता येईना. यांचे गुडघे प्रवासाच्या लायकीचे नाहीत. मग डिसेंबरात मी एकटीच निघाले. पर्समध्ये कॅसेट, रुमालात गुंडाळलेली. विमानतळावर पिशवी यंत्रातून जायला निघाली तर आवाज पुसला जाईल या भीतीनं मी कॅसेट हातात धरून उभी. तिथल्या पोरीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ये क्या है, माताजी?" नाशिकला मला कुणी माताजी म्हटलं तर मी मागे वळून कोण आलंय ते बघते. दिल्लीत चार दिवसांत सवय झाली.

गुरुग्राम

सई एकोणिसाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून समोर तशाच इमारती, त्यांच्या मागे तशाच, आणि त्यांच्या मागे धुकं की धूर ते कळत नाही. 'ध्रुवयान'मध्ये एका ग्रहावरचं शहर असंच दाखवलं होतं. पुठ्ठ्याची खोकी चंदेरी रंगवून ठेवली होती आणि आम्ही नाशिककर आ वासून बघत होतो. मी तर त्या चंदेरी रंगाच्या इतकी प्रेमात पडले की तसल्या चकचकीत कापडाचा ब्लाउज शिवून नणंदेच्या डोहाळजेवणाला घालून गेले. फोटो आहेत. नातवंडांना दाखवत नाही.

सकाळी सई ऑफिसला गेली आणि मी कोथिंबीर आणायला खाली उतरले. हे इथे कुणी करत नाही हे मला माहीत नव्हतं. कोथिंबीर फोनवरून मागवतात आणि ती आपल्या आधी वर पोचते. फाटकाबाहेर बरंच चालून एक गाडीवाला सापडला. परत आले तर दारावरचा रखवालदार म्हणतो, "ऐप पे अप्रूवल नहीं आया, माताजी." फोन वर राहिलेला. मी म्हटलं, अरे बाबा, मी याच दारातून बाहेर गेले. तो म्हणाला, "जाना फ्री है, आना अप्रूवल से है."

सईला फोन लागेपर्यंत तासभर मी त्याच्या केबिनमध्ये बसले. समस्तीपूरचा माणूस. त्याच्या थर्मासमधला चहा प्यायले, त्याच्या सुनेचं बाळंतपण ऐकलं, आणि माझं कामही त्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "कैसेट! पेंसिल से घुमाने वाली?" आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? आणि पाहुणा म्हणतो, नको, आत्ताच झाला. इथे विचारतच नाहीत, कप हातात येतो. या बाबतीत दिल्ली आमच्यापेक्षा प्रामाणिक आहे.

संध्याकाळी इम्रान आला. इम्रान मुजावर, पुण्याचा, सईच्या ऑफिसात काम करतो आणि जुने आवाज साफ करायचा त्याला नाद आहे. गटातला सगळ्यांत तरुण चाहता. मालिका संपल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेला, तरी उरलेला प्रत्येक भाग तोंडपाठ. कॅसेटकडे बघून म्हणाला, "आजी, हात लावू?"

"लाव की. देव आहे का तो?"

"आमच्यासाठी आहे." त्यानं कॅसेट उजेडात धरली. "टेप ठीक वाटतीये. माझ्याकडे डेक नाही, रश्मीताईंनी शनिवारसाठी कुणाचा तरी आणलाय. तिथेच वाजवू, मग मी कॉम्प्युटरवर घेईन."

मी पोहे त्याच्या पुढे सरकवले आणि खरं काय ते सांगून टाकलं. सिलिंडर, कॉमेंट्री, सगळं. सई पोट धरून हसत होती. इम्रान मात्र पोहे खायचा थांबला.

"तुमच्या आवाजाखाली काही असेल तर थोडंफार वर काढता येतं, आजी. नसेलच तर नाही. रश्मीताईंना माहितीये का?"

"नाही. तू सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा," तो म्हणाला आणि पुन्हा खायला लागला. पुण्याची मुलं लहानपणापासून अशीच बोलतात, साखर न पेरता.

आर. के. पुरम

शनिवारी आम्ही तिघं रश्मीकडे गेलो. सरकारी वसाहत, तीन मजल्यांच्या पिवळट इमारती, मधे कडुनिंब, गच्चीवर गाद्या वाळत घातलेल्या. नावांच्या पाट्या वाचत गेलं की सगळा देश एका जिन्यात. रश्मीचे बाबा इथल्याच एका क्वार्टरमध्ये राहायचे, एका मंत्रालयात कारकून होते. तीही आता सरकारी नोकरीत आहे आणि फिरून फिरून तिला दोन गल्ल्या सोडून घर मिळालंय. चाळिशी ओलांडलेली, सावळी, उंच, घाईघाईनं बोलणारी.

"या ना काकू, बिल्कुल संकोच करू नका. माझी मराठी थोडी हलते हं. आई होती तोपर्यंत ठीक होती."

बैठकीत सातआठ जण आधीच जमले होते. त्यांच्यात उठून दिसत होते वाधवाजी, करोल बागेतले मोटारींचे सुटे भाग विकणारे, सत्तरीच्या आसपासचे, लाल स्वेटर, मोठा आवाज. भटुऱ्यांची टोपली आणि छोल्यांचं पातेलं ते घरून घेऊन आले होते. रश्मीनं साबुदाण्याची खिचडी केली होती. वाधवाजींनी ती चमच्यानं ढवळून विचारलं, "ये थर्मोकोल है या खाना?" आणि मग तीनदा घेतली.

चाहत्यांच्या गप्पा कशा असतात ते न गेलेल्यांना सांगते. एकानं सांगितलं की यानाचं मुख्य यंत्र म्हणजे इडलीपात्र होतं, चौथ्या भागात नीट दिसतं. दुसरा म्हणाला, नाही, ढोकळ्याचं. वीस मिनिटं त्यावरच. मग वाधवाजींनी सगळ्यांना गप्प करून सांगितलं की त्या वेळी दुकान नुकतंच वडिलांकडून त्यांच्या अंगावर पडलं होतं, मनात नसताना. गुरुवारी शटर लवकर ओढून ते घरी पळायचे. "मुझे लगता था, ये पाँच लोग भी मेरी तरह फँसे हैं। ये निकल गए तो मैं भी निकल जाऊँगा." कुणीतरी विचारलं, मग निघालात का? "कहाँ यार. अब तो दुकान ही मेरा यान है."

मला विचारलं, तुम्हाला काय आवडायचं? खरं ते सांगितलं. यानात कुणी स्वयंपाक करत नसे. गोळी खायची, पाणी प्यायचं, झालं. माझ्या पदरात तेव्हा एक मूल, सासू-सासरे, एक दीर. त्या गोळ्या पाहून माझा जीव तिळतिळ तुटायचा. ताऱ्यांचं, परग्रहाचं मला काही नव्हतं, डबा न भरता दिवस उगवतो अशा जगात मला जायचं होतं. बायका हसल्या, पुरुष जरा उशिरानं हसले. बोलल्यावर मलाच वाटलं, त्या वेळी मी सगळ्यांवर जी टीका करत बसायचे, डॉक्टरीणबाईंच्या केसांवर, दारांवर, त्या दिव्यावर, तो सगळा मत्सर होता. ती माणसं सुटली होती आणि मी उशीवरच्या यंत्राशी बोलत होते.

खिचडी वाढताना रश्मी माझ्याजवळ बसली. भिंतीवर तिच्या बाबांचा फोटो होता. बारीक अंगकाठी, ऑफिसातून थेट आल्यासारखा पांढरा शर्ट, खिशाला पेन.

"ऑफिस सुटल्यावर सायकलनं जायचे रेकॉर्डिंगला. पडद्यावर नावसुद्धा नाही आलं त्यांचं. पुढच्या वर्षी कावीळ झाली आणि गेले. आई म्हणायची, बाबा घरी पण तसेच बोलायचे, सहायकसारखे. पण 'तसेच' म्हणजे कसे, ते तर मला माहीत नाही ना, काकू. मी खूप आठवून बघते. काहीच येत नाही."

सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "खिचडीला मीठ अगदी बेताचं आहे." सव्वीस वर्षांची असताना नको तिथे बोलले आणि आता बोलायला हवं तिथे खिचडी. प्रगती म्हणावी तर ही.

मग डेक आणला. इम्राननं कॅसेट लावली, सगळे सरसावून बसले, आणि मालिकेच्या सुरुवातीचं संगीत सुरू झालं. त्यावर माझा कोवळा, तार स्वरातला आवाज: "अहो, ऐका हं, सुरू झालं." सगळे टाळ्या वाजवून हसले. रश्मीही हसली. दोन मिनिटं झाली असतील, आवाज जडावला, घोगरा झाला, आणि खरखर करत बंद पडला. इम्राननं झडप घालून झाकण उघडलं तर डेकनं टेप खाल्ली होती. तपकिरी फीत शेवयांसारखी बाहेर आली.

लिहायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं.

पुढच्या क्षणी रश्मीचा चेहरा दिसला. ती कप गोळा करून आत गेली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि नळाच्या आवाजात सगळं सांगितलं. की तिचे बाबा बोलायला लागले की मी घरच्या गप्पा मारायची. की शेवटच्या भागातही मारल्या आहेत. की हे मला आधीपासून माहीत होतं.

तिनं नळ बंद केला. "किती बोललात?"

"आमचे हे म्हणतात, बराच वेळ."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही 'आहे' म्हणालात."

"हो."

तिनं एक कप दोनदा विसळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेप दुरुस्त झाली तर ऐकू. तुम्ही पण या." या 'या'मध्ये खिचडीच्या वेळचा गोडवा नव्हता. नसणारच.

करोल बाग

रविवारी वाधवाजींचं दुकान बंद असतं, म्हणून तिथेच जायचं ठरलं. मेट्रोतून उतरल्यावर बाजाराच्या गल्ल्यांमधून चालत गेलो. लग्नाचे लेहेंगे, दागिन्यांची दुकानं, त्यापुढे गाड्यांच्या सीटकव्हरांचे ढीग. एका कोपऱ्यावर कोळशात भाजलेली रताळी मसाला आणि लिंबू लावून द्रोणात देत होते. आमच्याकडे रताळं म्हणजे उपासाची शिक्षा. इथे ते लोक हसत खातात. मी दोन द्रोण खाल्ले, म्हणजे दुकानात पोचायला तेवढाच उशीर.

अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत गेलो. मी, सई, इम्रान आणि रश्मी. आत हेडलाइटं, आरसे, हॉर्न. काउंटरवर वाधवाजींनी जुन्या गाडीतला एक कॅसेट प्लेअर उघडाच मांडला होता, तारांनी मोटारीच्या बॅटरीला जोडलेला, बाजूला दोन स्पीकर.

"घर के डेक नाज़ुक होते हैं, बेटा," ते रश्मीला म्हणाले. "ये गड्ढों में चला हुआ है. ये नहीं खाता."

त्यांनी डोळ्यावर जाड चष्मा चढवला, कॅसेटचे बारके स्क्रू काढले, चुरगळलेली फीत बोटांनी सपाट केली. जिथे तुटली होती तिथे चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. तासभर लागला. तेवढ्या वेळात रश्मी माझ्याशी दोन वाक्यं बोलली, दोन्ही चहाबद्दल.

मग भाग सुरू झाला. इम्राननं सगळं रेकॉर्ड करायला काय काय जोडलं होतं. माझी बडबड ऐकताना मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. किती टोचून बोलायची ही बाई! कप्तानाच्या पोटाबद्दल, पडद्यामागे दिसलेल्या कुणाच्या तरी चपलेबद्दल. सई माझ्या कानात म्हणाली, "आज्जी, तू तर ट्रोल होतीस." मी म्हटलं, "गप."

यान निकामी झालंय, पाच जणांना यानाला जोडलेल्या छोट्या होडीतून निघावं लागणार, संगणक मागेच राहणार, इथवर गोष्ट आली. आणि त्याचा आवाज आला. "कप्तान, मुझे कुछ कहना है." खोल, शांत, थोडा मराठी वळणाचा.

लगेच मी: "आता हा डबा बोलायला लागला. याचं नेहमीचंच लांबण. तेवढ्यात सांगते, सिलिंडर आला बरं का, काल. पण वासुभावजी घरी नव्हते, मग मीच ओढत आत आणला..."

रश्मीनं डोळे मिटून घेतले. स्पीकरमधून माझा सिलिंडर, माझे वासुभावजी, माझी सासू, रॉकेलची रांग, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी लांबून कुणीतरी बोलतंय, पलीकडच्या घरात बोलल्यासारखं. शब्द लागत नव्हते. रश्मी स्पीकरजवळ वाकली. वाधवाजींनी आवाज वाढवला, तर मीच वाढले. मी आजवर स्वतःला पुष्कळ हसले आहे, पण त्या बाईचं तोंड दाबावं असं तेव्हाच वाटलं.

"...आणि आई म्हणाल्या की इतकं जड नाही उचलायचं, मग मी म्हटलं, मग काय... अगंबाई, दूध!"

खुर्ची सरकल्याचा आवाज. धावती पावलं. लांबून भांड्याचा खणखणाट. आणि मग खोलीत माझा आवाज नाही.

"...तो आप लोग निकल जाइए," तो आवाज म्हणाला. एकटा, स्वच्छ, जणू त्या दुकानातच येऊन उभा राहिलेला. "दरवाज़ा मैं बंद कर लूँगा. बत्ती जलती रहेगी, जितनी देर मुझसे हो सके. रास्ता मैंने आपके नक्शे में लिख दिया है. और सुनिए, कुछ गरम पहन लीजिए. बाहर ठंड है."

मग होडी सुटल्याचा आवाज, थोडं संगीत, आणि शांतता. मग पावलं परत आली आणि मी म्हणाले, "सगळं उतू गेलं. काय झालं हो इथे? संपलं वाटतं."

त्या दुकानात मला कळलं की तो शेवट मीही कधी ऐकला नव्हता. मी तेव्हा ओट्यावरचं दूध पुसत होते.

रश्मी वाधवाजींकडे वळली आणि लहान मुलीसारखं विचारलं, "ये पापा हैं?"

"हाँ बेटा."

"पक्का?"

"मैंने हर हफ़्ते सुना है उनको. पक्का."

तिनं मान हलवली. तिला तो आवाज ओळखता आला नव्हता, आणि आता तो पहिल्यांदाच शिकावा लागणार होता. मग अचानक तिला हसू फुटलं. "स्पेस में ठंड है, गरम पहन लो! ये कौन-सा कंप्यूटर बोलता है?" आणि हसता हसता ती काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली. सईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ठेवायचा धीर झाला नाही. वाधवाजींनी न विचारता टेप मागे घेतली आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी रश्मी त्याच्याबरोबर हळूच बोलत होती, ओठातल्या ओठात.

संध्याकाळी मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून मी यांना फोन केला.

"शेवटी सहायक काय म्हणाला ते तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. बाहेर ठंड है. तंबूत बसून ऐकलं होतं, बाहेर बर्फ होता. मला पाठ आहे ते."

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

निघायच्या दिवशी सईनं मला विमानतळावर सोडलं. मी मुद्दाम कॅसेट रश्मीकडेच ठेवली होती. तिनं घेताना नुसतं "थँक्यू काकू" म्हटलं होतं आणि मी त्याहून जास्त मागायला गेले नव्हते. नाशिकला आल्यावर मी आठदहा दिवस जरा गप्प होते. यांनी त्याची नोंद घेतली आणि तसं बोलूनही दाखवलं. इम्रान मधून मधून कळवायचा की तो माझ्या आवाजाखालचं वर काढतोय, काही वाक्यं जमतात, काही नाही. त्याच्या भाषेत मी फार 'लाउड' आहे.

मग एका रविवारी सकाळी रश्मीचा फोन आला. मी गॅस बंद केला आणि खाली बसून घेतला. ती म्हणाली:

"काकू, इम्रान म्हणतोय, तुमचा आवाज जिथे जिथे काढला ना, तिथे बाबांचा पण थोडा जातो. एकत्रच मिसळलेत म्हणे. तर मी त्याला सांगितलं, राहू दे यार, दोघं राहू देत. माझा मुलगा रोज ऐकतो, त्याला वासुभावजी पण पाठ झालेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फक्त पुढच्या वेळी बाबा बोलत असतील तेव्हा प्लीज, थोडं गप्प बसा."